पाणंदीतला चिखल आणि पुढचा टायर

पावसाळ्यात कोल्हापुरातून माउंटन बाइक बाहेर काढली की एक गोष्ट लवकर कळते: इथला चिखल एका जातीचा नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळात, त्याचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, पूर्वेला उसाची काळी, मधे पंचगंगेच्या काठची मळी. सकाळी पन्हाळ्याकडं गेलात तर एक चिखल, दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याकडच्या पाणंदीत शिरलात तर दुसराच. दुकानात मात्र आपण सरसकट म्हणतो, "चिखलातला टायर दाखवा." कुठला चिखल ते दुकानदार विचारत नाही, आणि विचारलं तरी आपल्याला सांगता येत नाही.

परदेशी सायकल मासिकांतले टायरांचे तक्ते वाईट नसतात. पण ते वेल्सच्या नाहीतर ओरेगॉनच्या मातीवर बेतलेले असतात. इथल्या मातीवर टायर झिजवून, पंक्चरवाल्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलून जे हाती लागलं, ते सांगतो.

१. आधी माती चिमटीत धरून बघायची

वाटेच्या तोंडाशी उतरायचं, थोडा चिखल उचलायचा आणि अंगठा-तर्जनीत चोळायचा. बोटाला कणकण लागली आणि थोड्याशा पाण्यानं बोट साफ झालं, तर ती जांभ्याची माती. मसाई पठाराच्या उतरणी, पन्हाळ्याचा आणि जोतिबाच्या डोंगराचा पायथा, भुदरगडाकडचा भाग इथं हीच भेटते. हा चिखल घसरवतो, पण चिकटून बसत नाही. त्याच्या खाली थोड्याच खोलीवर बहुतेक वेळा टणक मुरूम असतो. तिथवर पोचणारी उंच, टोकदार बटणं टायरला असली की काम होतं.

चिमटीतल्या चिखलाची लांब वळी झाली, ती वाकवली तरी तुटली नाही आणि बोटं धुतल्यावरही नखात काळं राहिलं, तर ती उसाची माती. हिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हिच्यासाठी बटणं किती उंच यापेक्षा किती विरळ, हा प्रश्न मोठा.

तिसरी नदीकाठची मळी. प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या बाजूला पुराचं पाणी उतरल्यावर ती दिसते. बोटांत मऊसूत लागते, वरून वाळल्यासारखी वाटते आणि चाक टेकलं की आत बूडच सापडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर या भागात गुडघा-गुडघा गाळ बसला होता. या मातीसाठी टायर शोधू नका. ती वाट वाळेपर्यंत सोडून द्यायची.

२. काळ्या मातीत भर पावसात जावं, उघडीप पडल्यावर जाऊ नये

नव्या माणसाला हे उलटं वाटतं. पाऊस थांबला, दोन दिवस ऊन पडलं, आता वाट बरी झाली असेल असं म्हणून तो निघतो, आणि पाणंदीत अर्धा किलोमीटर आत गेल्यावर सायकल खांद्यावर घेऊन परततो.

काळ्या मातीत पाणी साठलेलं असतं तेव्हा तिचा रेंदा होतो. तो उडतो, कपडे खराब करतो, पण चाकावर टिकत नाही; पुढच्याच डबक्यात धुऊन निघतो. खरी अडचण पाणी आटत आलं की सुरू होते. तेव्हा माती ना ओली ना सुकी. चाकाचा एक फेरा झाला की टायरवर एक थर चढतो, दुसऱ्या फेऱ्यात त्या थरावर दुसरा. मग त्यात उसाचं पाचट अडकतं. आता तो नुसता चिखल राहिला नाही, पाचट घालून मळलेली भिंतीची माती झाली. मागचं चाक चिमट्याच्या दोन दांड्यांमध्ये घासायला लागतं, ब्रेकच्या पुलाखाली गोळा जमतो, आणि चाक फिरायचं थांबतं. पायडलवर उभं राहून जोर लावला तर गिअर बदलायचा मागचा हात वाकतो. तो भाग महाग असतो.

अशा वेळी जगातला कुठलाही टायर उपयोगाचा नाही. बेल्जियमच्या सायक्लोक्रॉस शर्यतींत चिखल हाच खेळ असतो. तिथंही स्वार एका सायकलवर शर्यत पुरी करत नाहीत. चिखलानं जड झालेली सायकल मदतनिसाच्या हाती देतात, धुतलेली दुसरी घेतात आणि पुढं जातात. आपल्याजवळ ना दुसरी सायकल, ना पाइप धरून उभा असलेला मदतनीस. म्हणून पूर्वेकडच्या पाणंदी एकतर धो-धो पावसात, नाहीतर आठ-दहा दिवस कडक उघडीप मिळाल्यावर. मधल्या दिवसांत पश्चिमेला तोंड करायचं.

३. चिखलाचा टायर रुंद नसतो

"जाड टायर घ्या, चिखलात भारी चालतंय," हे कोल्हापुरात कुठल्याही सायकल दुकानात ऐकायला मिळतं. वाळूवर ते खरं आहे. रुंद टायर वर तरंगतो. पण आपल्याकडच्या तांबड्या चिखलाखाली मुरूम आहे, आणि तिथं पोचायचं तर तरंगून कसं चालेल? चिखल कापत खाली जाणारा टायर लागतो. म्हणून खास चिखलासाठी बनलेले क्रॉस-कंट्री टायर अरुंद असतात. मॅक्सिसचा 'मेडुसा' १.८ इंचीसुद्धा मिळत असे, 'बीव्हर' दोन इंची. आणि सायक्लोक्रॉसमध्ये तर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमानं टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालतच नाही, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास.

दुसरं कारण जागेचं. चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये जेवढी फट, तेवढीच चिखलाला निसटायला वाट. टायर चढवल्यावर दोन्ही बाजूंनी आणि वरून करंगळी सहज फिरली पाहिजे. करंगळी अडकत असेल तर टायर कितीही नामांकित असो, इथल्या पावसाळ्याला तो नको. ही तपासणी मागच्या चाकाशी, खालच्या दांड्यांजवळ करा. जागा तिथंच सगळ्यात कमी असते. टायरवर छापलेल्या मापावर विसंबू नका. २.२५ लिहिलेला एका कंपनीचा टायर दुसऱ्या कंपनीच्या २.३५ इतका भरू शकतो, आणि रिम रुंद असली की तोच टायर आणखी फुगतो.

माझा हिशोब असा: मागं २.१ ते २.२५, पुढं २.३ पर्यंत. २.६ चे टायर दिसायला रुबाबदार, उन्हाळ्यात दगडांवर आरामाचे. जुलैत ते घरी राहू देत.

४. बटणांकडं नको, बटणांमधल्या मोकळ्या जागेकडं बघा

पाणंदीत ट्रॅक्टर समोरून आला की आपण बाजूला होतो आणि शिंतोडे उडतात म्हणून तोंड फिरवतो. त्याऐवजी मागच्या मोठ्या टायरकडं बघा. त्याचे रबरी दात एकमेकांपासून लांब, तिरपे, बाहेरच्या कडेला उघडे असतात. दात मातीत घुसतो, वर येताना माती बाजूला ढकलतो आणि चाक फिरता फिरता साफ होतं. त्याच ट्रॅक्टरची पुढची लहान चाकं बघा: तिथं लांब उभ्या रेघा असतात, कारण त्या चाकांना ओढायचं नसतं, वळायचं असतं. टायर निवडण्याचं अर्धं शास्त्र त्या एका यंत्रावर दिसतं.

सायकलच्या टायरवर बटणं दाट असतील तर डांबरावर तो गुळगुळीत पळतो, आणि चिखलात पहिल्या शंभर मीटरांत त्याच्या सगळ्या फटी भरून जातात. मग उरतो एक गोल, गुळगुळीत, मातीचा टायर. मॅक्सिसचा 'आयकॉन' किंवा श्वाल्बेचा 'रेसिंग राल्फ' कोरड्या वाटेवरचे उत्तम टायर आहेत, पण इथल्या जुलैसाठी नाहीत. त्यांच्या शेजारी मॅक्सिसचा 'शॉर्टी' किंवा श्वाल्बेचा 'मॅजिक मेरी' ठेवून बघा: दोन बटणांमध्ये बोटाचं टोक बसतं. श्वाल्बेचा 'डर्टी डॅन' आणि कॉन्टिनेंटलचा 'मड किंग' यांची बटणं तर खिळ्यांसारखी उंच. मोठ्या डाउनहिल शर्यतींत मेकॅनिक गरजेप्रमाणं त्या खिळ्यांची टोकं कात्रीनं छाटून टायर जमिनीला जुळवून घेतात.

आणखी एक. टायर स्वतःला साफ करतो तो वेगामुळं. चढावर, मुंगीच्या चालीनं, बटणं विरळ असली तरी भरतातच. चढ संपून सपाटी आली की बसूनच हलक्या गिअरमध्ये भराभर पायडल मारायचं. चार-पाच फेऱ्यांत माती फेकली जाते, थोडी पाठीवरही येते. ती येऊ द्यायची.

५. ओल्या कातळावर बटणं कामाला येत नाहीत

मसाई पठारावर पहिल्या पावसानंतर काही आठवड्यांत जांभ्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो. जांभा मुळात खडबडीत, छिद्राछिद्रांचा. कोरडा असताना त्यावर टायर चिकटून चालतो. शेवाळ आलं की तीच जागा भरवशाची राहत नाही. इथं चिखलाचे उंच खिळे उलट त्रास देतात, कारण त्यांची फक्त टोकं दगडाला टेकतात आणि वळताना ती वाकतात. दगडावर पकड येते ती रबराच्या मऊपणानं.

रबराचा मऊपणा एका मापावर मोजतात. साठच्या आसपासचा आकडा म्हणजे टणक, बेचाळीस-पन्नास म्हणजे मऊ. सगळ्या कंपन्या तो आकडा लिहीत नाहीत. श्वाल्बेनं रंगीत रेघांची खूण ठेवली होती: नारिंगी मऊ, जांभळी त्याहून मऊ, लाल म्हणजे वेगासाठी. काहीच लिहिलेलं नसेल तर कडेच्या बटणात अंगठ्याचं नख रोवून बघा. मऊ रबरात नख बसतं आणि खूण सावकाश भरून येते. टणक रबर नखाला दाद देत नाही. बटणांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या तर टायर दुकानात बरेच उन्हाळे पडून आहे असं समजा आणि परत द्या, किंमत कितीही पाडली असली तरी.

आपल्याकडं बनणारे स्वस्त टायर बहुतेक टणक रबराचे असतात. ते वर्षानुवर्षं टिकतात, दूधवाल्याला, पेपरवाल्याला तसेच हवेत. ओल्या जांभ्यावर मात्र टिकाऊपणा आणि पकड एकत्र मिळत नाही.

हे सगळं एकाच दिवसात बघायचं असेल तर पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं जाणारी वाट आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज भर पावसात ज्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले, ती. राजदिंडीची दगडी उतरण, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठाराचा कातळ, पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्यांमधून जंगल, भातखाचरं आणि ओढे, शेवटी पांढरेपाणी. राजदिंडीत सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. पठारावर मऊ रबर हवंसं वाटतं, खाली जंगलातल्या तांबड्या चिखलात उंच बटणं, आणि खाचरांच्या कडेला काहीही नको, फक्त पाय. सगळ्या वाटेला एक टायर पुरा पडत नाही. कुठं तडजोड करायची ते ठरवून निघावं लागतं. जुलैत पदभ्रमण मोहिमांचे हजारो लोक या वाटेनं पायी जातात. त्या दिवसांत सायकल तिकडं नेऊ नये. चालणाऱ्यांना त्रास, आणि इतक्या पावलांनी तुडवलेल्या चिखलात चालवायलाही काही उरत नाही.

६. पैसे दोन टायरांपैकी एकावरच खर्च करायचे असतील तर पुढच्यावर करा

चांगला परदेशी टायर काही हजारांना पडतो, आणि दोन्ही एकदम घेणं सगळ्यांना जमत नाही. बरेच जण मागचा बदलतात, कारण झिजलेला तो दिसतो. पण मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, आपण पाय टेकतो, हसतो आणि पुढं जातो. पुढचं घसरलं तर विचार करायच्या आत खांदा जमिनीवर. पावसाळ्यात गळ्यात हात बांधलेला सायकलवाला दिसला की मी आधी त्याचा पुढचा टायर बघतो.

तेव्हा पुढं मऊ रबराचा, उंच आणि विरळ बटणांचा, कडेची बटणं दणकट असलेला. मागं सायकलबरोबर आलेला केंडा किंवा तत्सम टायर असला तरी एक पावसाळा निघतो. मागं थोडा अरुंद आणि कमी उंच बटणांचा टायर घातला तर डांबरावर दमही कमी लागतो. टायरच्या कडेला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो बघून चढवा. चिखल बाहेर टाकण्याची रचना त्या दिशेसाठी केलेली असते.

७. हवा

टायरच्या नावावर तासभर वाद घालणारी माणसं हवेचा आकडा विचारला की गप्प होतात. माझ्या मते चिखलात टायर बदलण्याइतकाच फरक हवेनं पडतो, आणि तो फुकट आहे.

पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरवर सायकल नेली की दादा सवयीनं हवा ठासून भरतो आणि अंगठ्यानं दाबून खूश होतो. "कशाला कमी ठेवताय? रिम बसंल की!" त्याचं म्हणणं पोतं लादलेल्या काळ्या सायकलसाठी बरोबर आहे. माउंटन बाइकच्या टायरमध्ये चाळीस-पन्नास पीएसआय हवा असली तर बटणं मातीत बसत नाहीत, टायर दगडावरून उड्या मारतो आणि मुळांवर सटकतो.

सत्तर किलोच्या आसपास वजनाचा माणूस आणि सव्वादोन इंची टायर धरला, तर ट्यूब असताना पुढं २४ ते २६, मागं २७ ते २९ पीएसआय. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडं चार-पाचनं कमी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. मागं कायम पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त, कारण निम्म्याहून जास्त वजन तिकडं असतं. बऱ्याच टायरांच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा छापलेली असते. त्याच्या बाहेर जाऊ नका.

ट्यूब असताना हवा फार उतरवली तर दगडावर आपटून टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर काट्याला दोष देऊ नका, हवा दोन पीएसआयनं वाढवा. काळ्या मातीचा अपवाद लक्षात ठेवा: तिथं फार कमी हवेनं टायर चपटा होऊन जास्त माती उचलतो. तिथं मी तांबड्यापेक्षा जरा जास्तच ठेवतो.

हे सगळं करायचं तर स्वतःचं हवा मोजायचं यंत्र हवं. पंपावरच्या काट्यांचा मेळ एकमेकांशी बसत नाही. कुठला काटा अचूक, याचा फार शोध घेऊ नका. कायम एकच वापरा म्हणजे कालचा आकडा आजच्याशी जुळतो. सायकलला बारीक, उंच फ्रेंच वॉल्व असेल तर एक पितळी जोडणी खिशात ठेवा. गावाकडच्या पंक्चर दुकानात ती नसते आणि कॉम्प्रेसर समोर असून हवा भरता येत नाही.

८. डांबराचे किलोमीटर मोजून मग टायर निवडा

कोल्हापुरातून पन्हाळा वीस किलोमीटर. गगनबावडा पंचावन्नच्या पुढं. म्हणजे घरून सायकल चालवत जाणाऱ्याचं बरंचसं अंतर डांबरावरच जातं. खिळ्यांचा टायर डांबरावर घरघरतो, पाय ओढतो आणि झपाट्यानं झिजतो. ओल्या डांबरावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तर तो धोक्याचाच.

म्हणून माझं मत, ज्याच्याशी माझे काही सायकलवाले मित्र अजून सहमत नाहीत: सायकल गाडीवर टाकून म्हाळुंग्यापर्यंत नेत असाल तर खास चिखलाचा टायर घ्या. घरापासून पायडल मारत जात असाल तर घेऊ नका. मधल्या जातीचा, मध्यम उंच बटणांचा आणि मोकळ्या नक्षीचा टायर पुढं लावा. मॅक्सिसचा 'हाय रोलर' किंवा श्वाल्बेचा 'नॉबी निक' या वर्गातले. चिखलात दोन ठिकाणी उतरावं लागेल, पण घरी यायला पाय शिल्लक राहतील.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की शेतातून निघालेले ट्रॅक्टर-ट्रॉली डांबरावर काळ्या मातीचे पट्टे टाकत जातात. वरून परतीचा एखादा शिडकावा झाला की रस्ताच पाणंद होतो. तिथं कुठलाही टायर घसरतो. ब्रेकला हात न लावता सरळ जायचं.

९. चिखलात काटे दिसत नाहीत

पूर्वेकडं शेताच्या कुंपणाला बाभळीच्या, बोरीच्या फांद्या टाकतात. पावसात त्या वाटेवर वाहून येतात आणि चिखलाखाली जातात. म्हणून तिकडं ट्यूबलेस फायद्याचा: आत घातलेलं रबरी दूध काट्याचं भोक जागच्या जागी बुजवतं. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ते दूध दोन-तीन महिन्यांत आटतं. मे अखेरीस टायर हलवून बघायचा. आत खळखळ ऐकू आली नाही तर नवीन भरायचं.

ट्यूबलेसवाल्यानंही एक ट्यूब जवळ ठेवावी. टायरची कडच फाटली तर दूध काही करत नाही. अशा वेळी फाटलेल्या जागी आतून दहा रुपयांची घडी घातलेली नोट लावली की घरापर्यंत येता येतं.

१०. टायरच्या कडेवरचे आकडे

२६ इंची चाक म्हणजे ५५९, साडेसत्तावीस म्हणजे ५८४, एकोणतीस म्हणजे ६२२. टायरवर ५४-५५९ असं बारीक अक्षरात असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर मागवताना इंच सांगू नका, हा दुसरा आकडा सांगा. जुन्या काळ्या सायकलच्या २८ इंची टायरचा व्यास ६३५, त्यामुळं तो एकोणतीसच्या रिमवर बसत नाही, आकडा जवळचा वाटला तरी.

११. बांध आपला नाही, पठारही नाही

जुलैत पश्चिमेला रोपलागण चालू असते. खाचराचा बांध वाट म्हणून सोयीचा दिसतो आणि टायरलाही तिथं पकड मिळते. एकदा वाकून रोपं लावणाऱ्या एका बाईनं मान वर न करता सांगितलं, "पाव्हणं, बांधावरनं नगं. कालच लिंपलाय." उंच बटणांचा टायर ओल्या बांधात चर पाडतो, चरातून खाचराचं पाणी फुटतं आणि लावलेलं रोप वाहून जातं. कोल्हापुरात बांधावरून भावाभावांत कोर्ट-कचेऱ्या होतात. आपण तर परके. तिथं उतरून, सायकल उचलून, कडेकडेनं जायचं.

मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे. कातळावरच्या उथळ डबक्यांत आणि बोटभर मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी झाडं असतात. त्यांच्यावरून चाक फिरलं की ती बोटभर मातीही धुऊन जाते आणि पुन्हा जमायला वर्षं लागतात. गाड्यांनी पाडलेली वाट आहे, तिच्यावरच राहायचं. डबकं टाळायला गवतावरून गेलं की वाट रुंद होत जाते, म्हणून डबक्यातून सरळ जायचं. चांगला टायर त्यासाठीच तर घेतला.

१२. दसऱ्याला टायर उतरवायचा

खंडेनवमीला सायकल धुऊन हार घालायची आपली पद्धत आहेच. तो दिवस टायर बदलायला बरा. ऑक्टोबरात तांबडी माती कडक होते आणि उंच, मऊ बटणं कडक जमिनीवर मुळातून फाटायला लागतात. धुताना सर्व्हिसिंगच्या दुकानातला जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर मारू देऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. बादली आणि जुना ब्रश पुरतो.

टायर उतरवला की आतून कापडाचा बोळा फिरवायचा, बोट नको. बोळा जिथं अडकेल तिथं काट्याचं टोक रुतलेलं असतं, बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. ते पक्कडीनं ओढून काढायचं, टायर सावलीत वाळवायचा आणि पत्र्याच्या छपराखाली न ठेवता घरात, पलंगाखाली, आडवा ठेवायचा. घरातल्यांची थोडी बोलणी खावी लागतात.